पाढ्यांनी मोजलेलं पाणी

चौथीतल्या त्या मुलीला तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. एकोणतीसाच्या पाढ्यात ‘सातं’ आलं की बाकीची मुलं छताकडे बघायला लागत. ती मात्र एका दमात, बोरं खाऊन बिया थुंकाव्यात तशी आकडे सोडत जायची. तोंडी हिशेबात तिला कुणी गाठू शकत नव्हतं. पण फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं की तिची पेन्सिल थांबायची.

एकदा मी पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण घातलं. टाकीत तीनशे लिटर पाणी आहे, नळातून दर मिनिटाला बारा लिटर जातं, तर टाकी किती वेळात रिकामी होईल? ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, नल कोनी उघडा ठेवला?”

वर्ग हसला. मीही हसले.

“ते विचारलेलं नाही. वेळ काढ.”

“पन पानी जातंय कुठं?”

“कुठेही जाऊ दे. तू भागाकार कर.”

तिनं केला. पंचवीस मिनिटं, बरोबर उत्तर. पण वही माझ्यापुढे ठेवताना तिचा चेहरा असा होता, जणू मी तिला काहीतरी खोटं लिहायला लावलंय.

मी माणगावची. हायवेच्या गावात वाढलेली. समुद्र पाहिलेला तो शाळेच्या सहलीत, किहीमला, वाळूत किल्ला करण्यापुरता. नोकरीत बदली होऊन या खाडीकाठच्या शाळेत आले तेव्हा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि एकवीस मुलं होती. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. वरच्या मोठ्या गावात मी खोली घेतली होती आणि रोज स्कूटरनं खाली उतरायची. शाळेमागे भाताची खाचरं, खाचरांपलीकडे मातीचा लांबच लांब बांध आणि बांधापलीकडे खाडी. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच उभं असतं आणि मध्ये फक्त माती असते, हे मला तिथे वर्ष काढूनही उमगलं नव्हतं. बांध म्हणजे मला संध्याकाळी पाय मोकळे करायची वाट वाटायची.

त्या वाटेनं उत्तरेला चालत गेलं की बांध एकदम संपायचा आणि पुढे चिखलात कांदळवन लागायचं. एकदा मी गुरुजींना म्हटलं, “काय सुंदर हिरवं आहे तिकडे!” ते म्हणाले, “शेजारच्या गावाची भातशेती होती ती. बांधाला खांड पडली, कुणी बुजवली नाही. आता तिथे खाडीच आहे.” खांड म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड. मी ‘अरेरे’ म्हटलं आणि विसरून गेले.

श्रावणाच्या सुरुवातीला मी मुलांना सांगितलं, पुस्तकातली टाकी नको, तुमच्या घरचं उदाहरण बनवून आणा. एकानं सोळा चिंबोऱ्या आणल्या, त्यातल्या पाच पळाल्या. एकीनं तांदळाच्या भाकऱ्या चार भावंडांत वाटल्या. त्या मुलीनं लिहिलं होतं:

“आमच्या खाचराजवळ बांधातून पाणी येते. आषाढी पौर्णिमेला डबा भरेपर्यंत माझे सतरा पाढे झाले. अमावस्येला चौदा झाले. तर पाणी किती वाढले?”

मी तिला जवळ बोलावून समजून घेतलं. मधल्या सुट्टीत ती आईला जेवण द्यायला खाचरावर जायची. पौर्णिमा-अमावस्येला, म्हणजे उधाणाच्या दिवशी, भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते. त्या वेळी बांधाच्या आतल्या बाजूनं, बोटभर जागेतून पाणी झिरपायचं. तिथे तिनं तेलाचा पाच लिटरचा डबा लावला होता. घड्याळ नव्हतं, म्हणून दोनाच्या पाढ्यापासून सुरुवात करायची आणि डबा भरला की थांबायचं.

मला इतका आनंद झाला! शाब्दिक उदाहरणापाशी अडणारी पोर स्वतः उदाहरण घेऊन आली होती. मी ते फळ्यावर लिहिलं, वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या, आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखली. दर उधाणाला तिनं माप आणायचं आणि तिथे लिहायचं. सतरा, चौदा. मग श्रावणातल्या पौर्णिमेला अकरा. पिठोरी अमावस्येला नऊ. मध्येच केंद्रप्रमुख शाळा बघून गेले. त्यांनी चौकटीचा मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, “परिसरातून गणित! असंच चालू ठेवा.” मी चालू ठेवलं.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला तिनं सहा लिहिले.

“दर वेळी किती कमी होतात?” मी वर्गाला विचारलं.

“तीन! एकदाच दोन!”

“साधारण तीन धरू. मग आता पुढे?”

तीच बोलली. “बाई, शून्य कवा व्हईल?”

“छान प्रश्न,” मी म्हणाले, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: सहा भागिले तीन, बरोबर दोन. “अजून दोन उधाणं. सर्वपित्री अमावस्येला तीन, आणि कोजागिरीला शून्य.”

“शून्य पाढ्यात डबा भरला म्हंजे काय, बाई?”

खडू माझ्या हातातच होता. वर्गातल्या पोरांपैकी निम्म्यांची खाचरं त्या बांधाखाली होती. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एकानं खिडकीतून शेताकडे बघितलं, मग त्याच्या शेजारच्यानं. भात पोटरीला आलं होतं, वाऱ्यावर नुसतं सळसळत होतं.

“उद्या सांगते,” मी म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. तिचा बाप बंदरावर ट्रेलर चालवायचा, आठ-दहा दिवसांनी घरी यायचा. घर आजाच्या शब्दावर चालायचं. आजाला सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले; पण उमेदीच्या काळात बांध आणि बांधातली उघाडी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार, त्याच्याच नजरेखाली असे. त्याच्याकडे घड्याळही नव्हतं आणि मोबाइलही. त्याला पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, येत होती. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते, हे मला त्यानंच दाखवलं. “दशमी धरा. धा पाऊन साडेसात. साडेसातला भरती.” पन्नास वर्षं त्याचा हा हिशेब चुकला नव्हता.

मी त्याला आकडे वाचून दाखवले. सतरा, चौदा, अकरा, नऊ, सहा.  तो नातीला म्हणाला, “मला का न्हाय सांगितलंस?”

“बाईंना सांगितलं ना,” ती म्हणाली.

मी खाली बघितलं.

“बाबा, शून्य म्हणजे काय होईल?”

“म्हंजे डबा लावायची गरज न्हाय, बाई.” मग त्यानं विचारलं, “कोजागिरी ह्यो हिशेब तुमीच काढला?”

“हो. साधारण.”

तो ‘साधारण’ माझ्या तोंडून निघाला एवढंच. पुढे गावात फिरलं ते फक्त ‘कोजागिरी’. आजा त्याच संध्याकाळी देवळात जाऊन बसला, चार घरच्या माणसांना बोलावलं. मीही गेले, कागदावर तक्ता करून घेऊन गेले. पूर्वी दर घरामागे एक माणूस बांधावर माती घालायला यायचा. आता घरटी माणूस कंपनीत, नाहीतर गाडीवर. काहींनी जमिनी शहरातल्या लोकांना द्यायचं कबूल केलं होतं. “विकायच्या जमिनीचा बांध कोन घालतं?” एकजण उघडच म्हणाला. तरी माझा तक्ता बघून सगळे गंभीर झाले. बाईंनी काढलंय म्हणजे बरोबरच असणार. तालुक्याला अर्ज द्यायचं ठरलं, आणि अर्जाची वाट न बघता आपणच मशीन आणून भराव करायचं ठरलं. फक्त दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागत होता. पक्षात नव्या कामाला हात लावायचा नाही.

“सर्वपित्री झाली की घट बसल्यावर लगेच घेऊ,” गावचा पुढारी म्हणाला. “कोजागिरी लांब हाय.”

आजा म्हणाला, “आजच पोती टाकली तर?”

“आजा, बाईंचं गनित हाय. दोन उधानं हायत अजून.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती मान हलवलेली मला अजून मानेत जाणवते.

आणि दुसऱ्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली. तिला म्हणाले, “सर्वपित्रीला शाळा नाही, पण तू माप घे हं. तीन आले तर आपलं गणित बरोबर.”

सर्वपित्रीच्या सकाळी खोलीत चहा करताना ते माझं मलाच ऐकू आलं. नऊ वर्षांच्या मुलीला, उधाणाच्या दिवशी, भर भरतीला, झिरपणाऱ्या बांधाखाली एकटीला बसायला मी गृहपाठ दिला होता. चहा तसाच ठेवून मी स्कूटर काढली.

गावात पोचले तेव्हा साडेअकरा वाजले असतील. ऊन लख्ख, आभाळात ढगाचा ठिपका नाही, वारा पडलेला. घराघरांतून वड्यांचा वास येत होता आणि कौलांवर पानं ठेवून माणसं ‘काव काव’ करत होती. कावळे मात्र कुठल्याच घरावर दिसले नाहीत. तेव्हा मला वाटलं, दुपारची वेळ आहे, येतील.

आजा ओट्यावर होता. “ती कवाच गेली,” तो म्हणाला. माझ्याकडे बघून त्यानं काठी घेतली.

आम्ही खाचरांतल्या वाटेनं बांधाकडे निघालो. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं, दहा-पंधरा दिवसांत कापणीला आलं असतं. इतकं शांत होतं की आजाच्या काठीचा आवाज पुढे जाऊन परत येतोय असं वाटत होतं. बांधावर चढलो आणि मी थांबले. पलीकडे खाडी काठोकाठ भरली होती. पाणी आणि बांधाचा माथा यांत दोन वितींचं अंतर. पाण्यावर लाट नव्हती. ते नुसतं भरून आलं होतं.

उजवीकडे उघाडी होती, आणि उघाडीच्या पुढे शंभरेक पावलांवर ती बसली होती, बांधाच्या आतल्या उतारावर, डबा लावून. “तेरा नवे सतराधिक शे, तेरा दाहे तीसाधिक शे.” आम्हाला बघून ती ओरडली, “बाई, भरतच न्हाय!”

जवळ गेले. तेरापर्यंतचे पाढे होऊन गेले होते आणि डब्याच्या तळाला चार बोटं पाणी होतं.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. “अगं, थांबलं! आपलं गणित चुकलं बघ!” मी हसले, तीही हसली. तीन यायला हवे होते आणि तेरा संपूनही डबा रिकामा. मी तिला उचलून घेणारच होते.

आजा हसला नाही. वाकून त्यानं तिथल्या मातीवर तळहात ठेवला, वैद्य नाडी बघतो तसा.

“थांबलं न्हाय. पान्यानं वाट बदललीय,” तो म्हणाला आणि उघाडीकडे बघू लागला. तिथे, खाडीच्या बाजूला, पाण्यावर ताटाएवढा एक भोवरा फिरत होता. अगदी सावकाश.

“चला,” तो म्हणाला. “धावू नका. पन चला.”

मी तिचा हात धरला. तिनं डबा सोडला नाही. तीस-चाळीस पावलं गेलो असू, आणि पुढे उघाडीपाशी बांध खाली बसला. फुटला असं म्हणवत नाही. दमलेली म्हैस बसते तसा बसला, फारसा आवाज न करता. मग त्या खळग्यातून खाडी आत आली, आणि आवाज त्यानंतर आला.

आमची परतीची वाट उघाडीपलीकडे होती. मागे शेजारगावची जुनी खांड आणि चिखल. मधल्या बांधाच्या तुकड्यावर आम्ही तिघं. उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला भात, आणि भाताच्या ओळी एकामागून एक आडव्या होत होत्या.

आम्ही मागे सरकलो आणि बसलो. खांड रुंद होत होती. कडेची माती सुटायची, पडायची, वाहून जायची. मला मोजायचं नव्हतं. पण नजर आपोआप अंतर धरते. आमच्यापासून कडेपर्यंत चाळीस पावलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली तेव्हा अडतीस. पुढच्या पाच मिनिटांनी छत्तीस. पाचाला दोन, तर चाळीसाला किती? शंभर मिनिटं. आजाला विचारलं, पाणी उतरायला किती वेळ? “दोन तास तरी.” एकशेवीस वजा शंभर.

मागे सरकायला अजून पन्नास-साठ पावलं होती, तेवढी मिळवली तर पुरून उरत होतं. पण त्या क्षणी मी ती धरलीच नाहीत. नुसतं वीस, वीस असं डोक्यात वाजत राहिलं. मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पलीकडून गावातली माणसं ओरडत होती, त्यांचे शब्द पाण्याच्या आवाजात पोचत नव्हते.

मग माती पडायची हळूहळू कमी झाली. पाच मिनिटं गेली आणि एकच पाऊल कमी झालं. पुढच्या वेळी तेवढंही नाही. आवाज उतरला. मला वाटलं देवानंच ऐकलं. आजा शेताकडे बोट दाखवून म्हणाला, “शेत भरलं, बाई. आता पानी जायाला जागाच न्हाय.”

आम्ही वाचलो ते त्यामुळे. सगळ्या गावाचं शेत भरलं म्हणून.

दोनच्या सुमाराला होडी आली. चौघं-पाचजण भाताच्या शेंड्यांवरून होडी वल्हवत आले. कुणी माझ्याशी बोललं नाही. कुणी रागावलंही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते. पाणी ओहोटीला गेलं आणि रात्री पुन्हा आलं, आणि मग येत-जात राहिलं. पुढाऱ्यानं मशीन आणलं, पण ते चिखलात बांधापर्यंत पोचेना. तालुक्याचे साहेब आले, टेपनं खांड मोजून गेले. कोजागिरीपर्यंत ती दुप्पट झाली होती. भात काळं पडून कुजलं, त्याचा वास दिवाळीत शाळेच्या खोल्यांत भरून राहिला. खारं पाणी एकदा आत आलं की तीन वर्षं तरी भात होत नाही, असं सगळेच सांगत होते.

मुलगी शाळेत येत राहिली. वहीत सगळं बरोबर सोडवायची, पण पाढे म्हणेना. सगळा वर्ग सुरात म्हणत असताना ती ओठ दाबून बसायची. एक दिवस मधल्या सुट्टीत मी तिच्याशेजारी बसले.

“का म्हणत नाहीस?”

ती म्हणाली, “मी तेरापरत म्हनले. मंग आलं.”

“तुझ्या पाढ्यांनी नाही आलं ते.”

“मंग कशानं?”

मी तिला माती सांगितली, खेकड्यांची बिळं सांगितली, भरतीचा दाब सांगितला. ती ऐकून घेत होती, मोठ्या माणसाचा मान राखून ऐकतात तशी. शेवटी म्हणाले, “चूक झाली ती माझी. कोजागिरी हे उत्तर मी काढलं होतं.”

“पन भागाकार बरोबर व्हता,” ती म्हणाली.

आजाकडे जाऊन मी तेच कबूल केलं. तो ओट्यावर बसला होता, समोर शेताच्या जागी पाणी चमकत होतं. “बाई, तिनं मोजलं म्हनून कललं तरी. आमी तर बगायचंच सोडलं व्हतं.” तो मला दिलासा देत होता. तरीही त्यानंतर त्याच्या घरी जायचं मी टाळू लागले.

वार्षिक परीक्षेत तिला गणितात पैकीच्या पैकी मिळाले. मे महिन्यात बापानं आई आणि मुलीला बंदराजवळच्या वस्तीत न्यायचं ठरवलं. आजा म्हणाला, मी इथेच बरा. जूनमध्ये शाळेच्या पटावर अकरा मुलं उरणार होती.

निघायच्या दिवशी मी गेले. टेंपोत गाद्या, भांडी, एक पंखा. ती गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसली होती, नव्या चपला घालून. मी तिला एक कंपासपेटी दिली. तिनं ती उघडून बघितली, बंद केली.

“बाई, तुमी ती जागा बगितलीय?”

मी बघितली होती. एका प्रशिक्षणाला गेले असताना तिथल्या शाळेत दोन दिवस काढले होते. खाडीत भराव टाकून वसवलेली वस्ती. मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की पलीकडे पाणी आपटताना ऐकू यायचं.

“बघितलीय.”

“तिथं पानी किती लांब हाय?”

तिची आई पुढे बसत होती. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

“खूप लांब आहे,” मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. टेंपो शाळेवरून वरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी हात हलवत उभी होते. तिनं हात हलवला नाही. ती मागे, भरतीचं पाणी कुठवर आलंय, ते बघत होती.